फूड ग्रेड म्हणजे नक्की काय ओ?

पाऊचवाल्याला मी विचारलं, "याची टेस्ट तेलासाठी झालीय का पाण्यासाठी?" तो म्हणाला, "काकू, फूड ग्रेड आहे ओ, बिनधास्त भरा." रिपोर्ट काही दाखवला नाही.

मी सोलापुरात घरून शेंगा चटणी विकते. आमची चटणी तेल सुटेपर्यंत कुटतात, नाहीतर तिला शेंगाकूट म्हणा. दाण्यात जवळपास निम्मं तेलच असतं, आणि प्लास्टिकमधली बरीच रसायनं, उदाहरणार्थ मऊपणासाठी घालतात ती थॅलेट्स, पाण्यापेक्षा तेलात लवकर उतरतात. म्हणूनच प्लास्टिकमधून पदार्थात किती उतरतं ते मोजणाऱ्या आयएस ९८४५ या भारतीय मानक चाचणीत तेलकट पदार्थाच्या जागी हेप्टेन नावाचं द्रावक घेतात, पाणीदार पदार्थाच्या जागी डिस्टिल्ड वॉटर. पाण्यात पास झालेलं पाऊच माझ्या काय कामाचं?

२०१८च्या आपल्या पॅकेजिंग नियमांत मर्यादा आहे: एक किलो पदार्थात प्लास्टिकमधून एकूण ६० मिलिग्रॅमपेक्षा जास्त काही उतरता कामा नये. एकूण! त्यात निरुपद्रवी मेण किती न् घातक काय, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

२०१९ साली परदेशातल्या संशोधकांनी प्लास्टिक पॅकेजिंगमधल्या रसायनांची यादी केली. ९०६ बहुधा वापरात असलेली, आणखी ३,३७७ असू शकतील अशी. त्या ९०६ पैकी ६३ माणसाच्या तब्येतीला आणि ६८ पर्यावरणाला सर्वांत घातक ठरली. ही क्रमवारी रसायन मुळात किती वाईट याची. चटणीत किती उतरतं हा हिशेब वेगळा. पण कशात काय घातलंय हेच बाहेर येत नसेल तर तो हिशेब मांडायचा कशावर?

आणि मर्यादा तरी कुठं पक्क्या असतात? बिस्फेनॉल-ए हे कडक प्लास्टिकमधलं रसायन आमच्या पाऊचात सहसा नसतं, पण नमुना म्हणून बघा. रोज पोटात गेलं तरी चालेल असं त्याचं प्रमाण युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये एका झटक्यात वीस हजार पटींनी खाली आणलं.

जाऊबाई म्हणतात, "पूर्वी पेपरात बांधून देत होतो की, कोण मेलं?" छापील पेपरात खाणं बांधायलाही त्याच नियमांत बंदी आहे, शाईमुळं. सांगितलं, तर म्हणाल्या, "मग हातावर द्या."

गावातल्या गिऱ्हाइकाला आता काचेची बरणी, डिपॉझिट घेऊन. पुण्या-मुंबईला पाऊचच जातं, काच कुरिअरमध्ये टिकत नाही. पण चटणी पूर्ण गार झाल्याशिवाय भरत नाही, कारण गरम तेलात रसायनं आणखी भरभर उतरतात. मे महिन्यात इथं पारा त्रेचाळीसच्या वर जातो आणि पार्सल दिवसभर गाडीत तापतं, म्हणून तेव्हा बाहेरगावची ऑर्डर बंद. पन्नास ग्रॅमची पाकिटं तर कायमचीच बंद केली; पाकीट जितकं लहान, तितकं तेवढ्याच चटणीला जास्त प्लास्टिक लागतं, आणि रिकामं झाल्यावर ते थरांचं पाकीट भंगारवालाही घेत नाही. डब्यासाठी तीच मागणारे बरेच होते. त्यांना पाव किलो घ्या म्हणते, काहीजण घेतात.