ठेवू का फोन?

नळ स्टॉपच्या सिग्नलला आज माझ्या शेजारी एक स्कूटर थांबली. पुढे आई, मागे सात-आठ वर्षांची मुलगी, पाठीवर दप्तर. मुलीने एका हाताने आईचा कुर्ता घट्ट धरला होता आणि दुसऱ्या हाताने फोन आईच्या कानाला लावून ठेवला होता. हात दुखला की कोपर आईच्या खांद्यावर टेकवायची.

तेवढ्यात ती म्हणाली, "आई, पुढे पोलीसकाका आहेत. ठेवू का?"

आईने मान हलवली. फोन दप्तरात गेला. चौक ओलांडला, आणि परत कानाला.

मला काही बोलता आलं नाही. अजून रुखरुख लागून राहिली आहे.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये गाडी चालवताना हातात फोन वापरणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये येतं. पहिल्यांदा सापडलं तर एक ते पाच हजार दंड, किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा केलं तर दहा हजार किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही.

पण त्या मुलीला भीती फक्त पोलीसकाकांची वाटत होती. समोरून येणाऱ्या बसची नाही.

तुम्ही असता तर त्या आईला काय म्हणाला असता?