रकाना क्रमांक सात

फेब्रुवारीतल्या एका दुपारी, जेवण आटोपल्यावर, जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाचा प्रवेश अर्ज भरायला बसलो आणि सातव्या रकान्यापाशी अडलो. पहिले सहा रकाने सोपे होते. फियाट अकराशे डिलाइट, 1968, 1089 सीसी, रंग फिकट राखाडी, हे सगळे मी न थांबता लिहून काढले. सातव्या रकान्याच्या डोक्यावर 'गाडीचा इतिहास व वैशिष्ट्ये' असे छापले होते आणि त्याखाली ठिपक्यांच्या तीन ओळी सोडल्या होत्या. पेनचे टोपण काढून मी बराच वेळ तसाच बसलो. या गाडीचा जो काही इतिहास मला ठाऊक आहे, तो सगळा ती कुठे कुठे आणि कशी कशी बंद पडली याचाच आहे, हे तेव्हा प्रथमच लक्षात आले.

आमच्या घरातली कालगणनाच मुळी या पद्धतीची आहे. अक्काचे लग्न कधी झाले असे विचारले, तर आई वर्ष सांगत नाही, 'क्लच प्लेट गेली त्या उन्हाळ्यात' असे सांगते. माझा दहावीचा निकाल रेडिएटरच्या गळतीला लागून आहे. धाकटे काका बदली होऊन नांदेडला गेले ते मागचा कमानपाटा मोडला त्याच आठवड्यात, आणि म्हणून त्यांचे सामान ट्रकने गेले. इतर घरांत अशा वेळी दिवाळी किंवा दुष्काळ आठवतात. आमच्याकडे सुटे भाग आठवतात.

अप्पा एका कापड गिरणीत विणकाम खात्यात होते. नवी फियाट नोंदवली तर हाती यायला कित्येक वर्षे लागत, असा तो काळ होता. म्हणून त्यांनी 1979 साली एका डॉक्टरांकडून ही वापरलेली गाडी घेतली. ती घेताना तिच्या इंजिनापेक्षा तिच्या कुळाची चौकशी त्यांनी अधिक केली असावी, असा मला संशय आहे. फियाटची ही गाडी आपल्याकडे बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेली, आणि वालचंद जन्माने सोलापूरचे, 1882 चे. जहाजे, विमाने आणि मोटारी या तिन्हींचे कारखाने ज्याने या देशात उभे करायला घेतले तो माणूस आपल्या गावचा, याचा अप्पांना इतका अभिमान होता, की गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झाली ही गोष्ट ते तपशिलात काढत. गाडी सोलापुरात रुसून बसली की ते म्हणत, "माहेरी आलेली लेक आहे, दोन दिवस काम करणार नाही." आई यावर दरवेळी एकच उत्तर देत असे : "माहेरपण संपायचे कधी, तेवढे विचारा."

गाडीच्या डिकीत बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असे आणि तो आजही तिथेच आहे. त्यात पॉइंटचा एक जोड, कंडेन्सर, दोन प्लग, फॅन बेल्ट, फिलर गेज, पॉलिश पेपरची घडी आणि तारेचा तुकडा एवढे सामान असे. डब्याच्या वर सोलापुरी टॉवेल घडी करून ठेवलेला असे. लहानपणी हा टॉवेल हात पुसण्यासाठी आहे असे मला वाटायचे, आणि एकदा मी त्याला हात पुसले तेव्हा अप्पांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू मी देव्हाऱ्यातले वस्त्र ओढले होते.

त्या डब्यातली एक वस्तू नेमकी नसण्याचा प्रसंग कोजागिरीचा. दसऱ्यानंतर निद्रिस्त झालेली तुळजापूरची देवी अश्विन पौर्णिमेला जागी होते आणि त्यासाठी सोलापूरहून माणसे रात्रभर चालत निघतात, हे इथल्या कोणाला नव्याने सांगायला नको. त्या वर्षी आजीला चालवेना, म्हणून अप्पांनी गाडी काढली. अंतर पंचेचाळीस किलोमीटरचे. रस्ताभर चालणाऱ्यांची रांग होती आणि त्या रांगेच्या कडेने आमची फियाट, दिवे मंद करून, पहिल्या आणि दुसऱ्या गेअरमध्ये सरकत होती. तामलवाडीच्या पुढे चट्ट असा आवाज झाला, पाठोपाठ लाल दिवा लागला, आणि थोड्याच वेळात बॉनेटमधून वाफ येऊ लागली. फॅन बेल्ट तुटला होता. फियाटमध्ये पंखा, पाण्याचा पंप आणि डायनामो हे तिन्ही त्या एका पट्ट्यावर चालतात, त्यामुळे तो तुटला की गाडीला ताप येतो आणि डोळ्यांपुढे अंधारीही येते. डब्यातला जादा बेल्ट अप्पांनी महिन्यापूर्वीच एका शेजाऱ्याला दिला होता. तो त्यांनी कोणाला दिला हे आईला माहीत होते, आणि त्या रात्री ती ते नाव घेऊन जे बोलली ते देवीच्या रस्त्यावर बोलण्यासारखे नव्हते.

आम्ही बॉनेट उघडून उभे होतो आणि माणसे आमच्या बाजूने चालत पुढे जात होती. अनवाणी बायका, डोक्यावर गाठोडी घेतलेली म्हातारी माणसे, खांद्यावर झोपलेली मुले. ज्यांना आम्ही हॉर्न वाजवून मागे टाकले होते तेच आता आम्हाला ओलांडून जात होते, आणि त्यांतल्या काहींनी आम्हाला ओळखले हे त्यांच्या हसण्यावरून मला कळले. मला फार लाज वाटली. आजी मात्र मागच्या सीटवर पाय घेऊन बसली होती आणि प्रत्येक 'आई राजा उदो उदो'ला आतूनच साथ देत होती.

एक माणूस थांबला. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, तळव्यांना फडकी बांधलेली. त्याने बॉनेटमध्ये डोकावून विचारले, "पट्टा गेला का, मालक?" तो पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर होता. मागाचे पट्टे तुटणे आणि ते सांधणे हा त्याचा रोजचा उद्योग असल्यामुळे आमच्या संकटात त्याला नवीन असे काही दिसले नाही. त्याने आपल्या गाठोड्याची सुती दोरी सोडली, तिचे तीन पदर वळले आणि ती तीनही चाकांवरून ओढून घेऊन गाठ मारली. ती गाठ मला अजून दिसते. अप्पांनी टॉर्च धरला होता आणि त्या माणसाची बोटे धाग्याची टोके एकमेकांखालून काढत होती. गाठ बसली तेव्हा ती इतकी चपटी आणि लहान होती, की दोरीवर बोट फिरवले तरी सापडत नव्हती. अप्पा स्वतः विणकाम खात्यातले. ते गाठीकडे पाहून नुसते "वा" म्हणाले. गिरणीत ते कोणाला "वा" म्हणत नसत, असे नंतर ऐकले.

ती दोरी सुमारे दोन किलोमीटर टिकली. पुढे चालणाऱ्यांनीच गाडी ढकलत एका धाब्यापर्यंत नेली. आजी चौघांच्या खांद्यावर गेल्यासारखी देवीला निघाली आहे, असे अप्पा म्हणाले आणि आईने त्यांना दटावले. सकाळी सात वाजता आजीला एका जीपमध्ये जागा मिळाली. आम्हाला दर्शन झाले की नाही हे मात्र आज घरात कोणालाच आठवत नाही.

आता हे तीन ओळींत कसे लिहावे?

टॉवेलाचा उलगडा मला पुढे, मे महिन्यात, पुण्याच्या रस्त्यावर भिगवणच्या अलीकडे झाला. या गाडीचा पेट्रोल ओढणारा पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला आहे. कारागीर त्याला एसी पंप म्हणतात, त्यामुळे कोणी गाडीत एसी आहे का असे विचारले, की अप्पा मोठ्या गंभीरपणे "आहे, पण तो पेट्रोल ओढतो" असे सांगत. उन्हात इंजिन तापले की पंपही तापतो, नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंप बिचारा पेट्रोलाऐवजी वाफच ओढत बसतो. अशा वेळी स्टार्टर मारत राहणे म्हणजे बॅटरीचा जीव घेणे. टॉवेल पाण्यात बुडवून, हलका पिळून, पंपाभोवती गुंडाळायचा आणि झाडाखाली बसून दशम्या खायच्या, एवढाच उपाय. टॉवेल सोलापुरीच हवा, कारण त्याचे लूप पाणी धरून ठेवतात, असा अप्पांचा सिद्धांत होता. तो बरोबर असावा. निदान दुसऱ्या कुठल्या टॉवेलावर आम्ही प्रयोग केलेला नाही.

रकाना शेवटी मी तसाच कोरा ठेवला आणि अर्ज देऊन टाकला. प्रदर्शन महिन्याच्या शेवटच्या रविवारी होम मैदानावर होते. माझ्या घरापासून मैदान जेमतेम सात किलोमीटर. विजापूर रस्त्याने सरळ यायचे, सात रस्ता ओलांडायचा, रंगभवनावरून पुढे जायचे. अनेकांनी आपल्या गाड्या ट्रकवर चढवून आणल्या. मला ते पटत नाही. नवरदेवाला खाटेवर घालून मांडवात नेण्यासारखे ते आहे. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना सरकारने 2021 पासून 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट द्यायची सोय केली आहे, तिच्याही वाटेला मी अजून गेलेलो नाही, कारण ती घेतली की गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेता येते, रोजच्या वापराला नाही. म्हणजे मंडईत न्यायची नाही. ज्या गाडीच्या डिकीत मेथीची जुडी ठेवता येत नाही, ती गाडी काय कामाची?

सकाळी अकराच्या उन्हात, सात रस्त्यावर, सिग्नलला उभी असताना ती बंद पडली. लक्षणे ओळखीची होती, फक्त महिना चुकला होता. फेब्रुवारीत तिने हे कधी केले नव्हते. मग आठवले, की आता मिळते त्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असते, आणि तशा पेट्रोलची वाफ उन्हात अधिक लवकर होते. शिवाय जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदाही ते कुरतडते. इथेनॉल उसाचे. आमचा जिल्हा साखर कारखान्यांचा. माहेरच्या माणसांनीच लेकीच्या पोटात काहीबाही घातल्याची ही गोष्ट मी अप्पांना सांगू शकलो असतो, तर ते आठवडाभर हसले असते.

चार मिनिटांत तिथे पंधरा माणसे जमली. दोन रिक्षावाले, एक वाहतूक पोलीस, क्लासहून येणारी मुले. मुलांना स्टिअरिंगच्या खांबावरचा गेअर पाहायचा होता, पोलिसाला चौक मोकळा हवा होता आणि रिक्षावाल्यांचे निदानावर एकमत होत नव्हते. कॉइल, प्लग, कार्बोरेटर, असे करत करत ते बॅटरीपर्यंत पोहोचले, तेवढ्यात मागून कोणी म्हातारे गृहस्थ म्हणाले, "ओ मालक, ते सगळं राहू द्या. पंपावर ओलं फडकं टाका." ते सायकलवर होते आणि माझी मान वळेपर्यंत पुढे निघूनही गेले होते. गाडी ढकलून कडेला घेतली. पाणी मागायला समोरच्या रसवंतीवर गेलो, तर त्या मुलाने पाण्याऐवजी बर्फाचा चुरा दिला. उसाने अडवलेली गाडी रसवंतीच्या बर्फाने सुटली, एवढे म्हणून मी तो विषय सोडतो. पोराने पैसे घेतले नाहीत, पण त्याला एक फेरी हवी होती, आणि ती मी त्याला रंगभवनापर्यंत दिली.

मैदानावर पोहोचलो तेव्हा परीक्षण सुरू झाले होते. आमच्या एका बाजूला चकाकणारी विलीज जीप होती आणि दुसऱ्या बाजूला डुक्कर फियाट, म्हणजे आमच्या गाडीची थोरली बहीण, जिची पुढची दारे उलट्या बाजूने उघडतात. तिचे बॉनेट उघडल्यावर आत तोंड पाहता येत होते. आमच्या बॉनेटखाली ओला टॉवेल होता आणि त्यातून पाणी ठिबकत होते. परीक्षक बाहेरगावचे होते, अदबीने बोलणारे. त्यांनी विचारले, "हे काय आहे?" मी सांगितले. इंजिनाचा भाग मूळ स्वरूपात असणे अपेक्षित आहे, असे ते म्हणाले. हा टॉवेल 1979 पासून गाडीत आहे, असे मी म्हणालो. ते हसले, पण त्यांनी गुण दिल्याचे काही मला दिसले नाही.

मग त्यांनी कागद उलटून पाहिला आणि म्हणाले, "सातवा रकाना भरलेला नाही. काही तरी विशेष असेलच की. एखादा लांबचा प्रवास, एखादी न विसरणारी फेरी?"

मी त्यांना कोजागिरी सांगितली. ती सांगायला मला आवडते आणि लोकांना ऐकायला आवडते. दोरीची गाठ, आजी, धाबा, सगळे त्यांनी थांबून ऐकले.

जी सांगितली नाही ती फेरी अशी. डिसेंबरातली पहाट होती, तीन वाजायचे होते. इतक्या थंडीत ही गाडी चोक ओढून सात-आठ वेळा मारल्याखेरीज कधी सुरू झालेली नाही. त्या दिवशी ती पहिल्या हाकेला सुरू झाली. अप्पा पुढच्या सलग सीटवर माझ्या शेजारी बसले होते, अंगावर चादर होती आणि मांडीवर टॉवेल, कारण गाडी निघाली की तो हाताशी हवा, ही त्यांची जुनी सवय. दवाखान्यापर्यंत एकही सिग्नल लागला नाही. इंजिनाचा आवाज शिवणयंत्रासारखा एकसारखा होता. सात रस्ता ओलांडताना अप्पा डोळे न उघडता म्हणाले, "आज बरी चालली आहे."

परत येताना गाडी मी एकट्यानेच आणली. टॉवेल शेजारच्या सीटवर होता, कोरडा.