एस.ई.5ए बायप्लेनचं 1/48 मॉडेल: वरचा पंख बसवण्याआधीची कामं

बायप्लेनच्या, म्हणजे एकावर एक दोन पंख असलेल्या विमानाच्या, मॉडेलमध्ये सगळा खेळ कामाच्या क्रमाचा आहे. वरचा पंख एकदा चिकटला की खालच्या पंखाच्या पाठीवर ब्रश नीट फिरत नाही आणि ड्रिल तर आत शिरतच नाही. त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर मी एवढंच बघतो, की हे काम पंख बसल्यावर करता येईल का. येणार नसेल तर ते आधी उरकायचं.

मी एस.ई.5ए हे पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान घेतलं ते भारतीय वैमानिक इंद्रलाल रॉय यांच्यामुळे. जुलै 1918 मध्ये, वयाच्या 19व्या वर्षी, रॉयल एअर फोर्सच्या 40 स्क्वाड्रनमधून हेच विमान उडवत त्यांनी दोन आठवड्यांच्या आत 10 हवाई विजय मिळवले आणि 22 जुलैला ते लढाईत मारले गेले. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार साधारण 8.1 मीटर आहे, म्हणजे 1/48 मध्ये 169 मि.मी. स्ट्रटची, म्हणजे दोन पंखांमधल्या खांबांची, दोन्ही बाजूंना एकेकच जोडी असल्यामुळे पहिल्या बायप्लेनसाठी हे विमान सोयीचं पडतं.

किट आणि टामियाचे रंग मागवावे लागतात, बाकीचं सामान सांगली-मिरजेत मिळून जातं. रिगिंगसाठी, म्हणजे पंखांमधल्या ताणाच्या तारांसाठी, मासे पकडायचं साहित्य विकणाऱ्याकडून 0.12 मि.मी.चा करडा तंगूस आणायचा. पांढरा घेऊ नये, कारण नायलॉनवर नंतर रंग नीट धरत नाही. मिरजेत सतारीच्या दुकानात चिकारीची पोलादी तार मिळते, जाडी 0.2 ते 0.25 मि.मी. तिचे तुकडे स्ट्रटच्या टोकांत पिन म्हणून घालतो. नुसत्या प्लॅस्टिकच्या टोकावर उभा केलेला स्ट्रट रिगिंगचा ताण आला की सांध्यातून सुटतो, पिन असली तर हलत नाही.

कॉकपिट आणि धडाचे दोन भाग जोडणं हे काम कुठल्याही किटसारखंच. बंदुका मात्र नीट बघून लावाव्यात. व्हिकर्स धडावर डाव्या बाजूला असते आणि लुईस वरच्या पंखावर, फॉस्टर माउंटिंगवर. पुढच्या पंख्याचंही (प्रॉपेलरचंही) तसंच. वुल्झली वायपर इंजिनाला दोन पात्यांचा पंखा आणि गिअरवाल्या हिस्पानोला चार पात्यांचा. पुष्कळ किटमध्ये दोन्ही पंखे येतात, ते इंजिनाशी जुळवून घ्यावेत.

मग ड्रिलिंग. पिन व्हाइसमध्ये, म्हणजे हातानं फिरवायच्या छोट्या ड्रिलमध्ये, 0.3 मि.मी.चं पातं लावायचं. वरच्या पंखाच्या पोटात भोकं फक्त 1 मि.मी. खोल घ्यायची. तेवढ्या खोलीवर पात्याला टेपचा तुकडा गुंडाळला की भोक आरपार जात नाही. खालच्या पंखात मात्र मुद्दाम आरपार भोकं पाडायची, कारण तंगूस तिथूनच ओढायचा असतो. उड्डाणात भार घेणाऱ्या तारा या विमानात दुहेरी आहेत, त्यांची भोकं जोडीनं, साधारण 1 मि.मी. अंतरावर. पातं सरळ धरलं तर तार भोकाच्या तोंडाशी मोडल्यासारखी दिसते. तार ज्या दिशेनं जाणार त्याच तिरकस कोनात धरायचं.

रंग पंख सुटे असतानाच. वरच्या बाजूचा पीसी10 हा पिवळी माती आणि काजळी यांचा डोप, म्हणजे विमानाच्या कापडावर मारायचं रोगण, त्यामुळे तो ऑलिव्ह हिरव्यापासून तपकिरीपर्यंत कुठेही दिसतो. टामियाच्या एक्सएफ-62 (ऑलिव्ह ड्रॅब) चे तीन भाग आणि एक्सएफ-10 (तपकिरी) चा एक, एवढं मिश्रण मला पटतं. खालची बाजू रंग न दिलेल्या लिननची. तिथे एक्सएफ-57 (बफ) मध्ये निम्मा एक्सएफ-2 (पांढरा). दोन्ही एक्स-20ए थिनरनं एकास एक पातळ करून 15 पीएसआयवर मारतो. एप्रिल-मेमध्ये रंग एअरब्रशच्या सुईवरच वाळतो, तेव्हा रिटार्डरचे दोन थेंब घालावेत. पावसाळ्यात उलटं होतं. लॅकर मारला की वाळताना हवेतलं पाणी त्यात अडकतं आणि वर पीठ पसरल्यासारखा पांढरा थर येतो. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी चढलेलं असताना लॅकरला हात लावू नये, आणि कॉम्प्रेसरला मॉइश्चर ट्रॅप हवाच.

डिकलच्या, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या चिन्हांच्या, आधी एक्स-22 चा ग्लॉस थर द्यायचा. मॅट रंगावर डिकलखाली हवा राहते आणि ती चंदेरी दिसते. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग उठतात, म्हणून गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर वापरतो. रडरवर, म्हणजे शेपटीच्या उभ्या सुकाणूवर, निळा पट्टा पुढे, मग पांढरा, मागे लाल. 1930 नंतर हा क्रम उलटला, त्यामुळे नंतरच्या विमानांचे फोटो बघून रंगवलं तर फसगत होते.

आता वरच्या पंखाच्या सगळ्या भोकांत तंगुसाची लांब टोकं फेविक्विकनं बसवायची, रात्रभर तशीच ठेवायची आणि मास्किंग टेपनं बाजूला बांधायची. धड फोमबोर्डच्या खाचेत पक्कं करायचं. आधी कॉकपिटपुढचे स्ट्रट, मग पंख, मग बाहेरचे स्ट्रट. चिकटवायला प्लॅस्टिक सिमेंट वापरायचं, ते सावकाश धरतं आणि जुळवायला वेळ देतं. दोन्ही टोकांची टेबलापासूनची उंची आणि टोकापासून शेपटीपर्यंतचं अंतर डिव्हायडरनं ताडून बघायचं. पूर्ण वाळेपर्यंत तार ओढायची नाही.

रिगिंग मधून बाहेर करत जायचं. तंगूस खालच्या पंखातून ओढायचा, टोकाला कपड्यांचा चिमटा लोंबता सोडायचा आणि सुईच्या टोकावर फेविक्विक घेऊन भोक बंद करायचं. एका बाजूची तार लावली की लगेच समोरच्या बाजूची, म्हणजे पंख पिळत नाही. वाळल्यावर टोक ब्लेडनं सपाट कापून पुट्टी आणि रंगाचा ठिपका. थोडा ढिलेपणा राहिला तर पेटती उदबत्ती दोन सें.मी. लांबून फिरवायची, नायलॉन आक्रसतो. त्याहून जवळ नेली की तुटतोच. पुढच्या-मागच्या स्ट्रटमधल्या फुलीच्या आखूड तारांना चिकारीची तार बरी, डिव्हायडरनं माप घेऊन कापायची आणि फेविकॉलनं टेकवायची. विंडस्क्रीन सगळ्यात शेवटी आणि तीही फेविकॉलनंच. फेविक्विकच्या वाफेनं काच धुरकट होते आणि ते पुसून जात नाही.

मॉडेल काचेच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो. नायलॉन दमट हवेत किंचित लांबतो, त्यामुळे पावसाळ्यात तारा सैल दिसल्या तरी उदबत्ती घ्यायची नाही. तेव्हा ताणलेल्या तारा ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत आणखी आखडतात आणि पंखाचं टोक खाली ओढतात.