दारू सुटते म्हणजे नेमकं काय होतं

सातारा. आषाढ संपत आलाय. रात्र.

संध्याकाळी कोरेगावहून मावसबहिणीचा फोन आला. तिच्या मिस्टरांना पुढच्या आठवड्यात व्यसनमुक्ती केंद्रात दाखल करायचं ठरलंय. ते स्वतःहून तयार झालेत, ही फार मोठी गोष्ट. पण सासूबाई म्हणतायत, "श्रावण तोंडावर आलाय, महिनाभर तसाही तो शिवत नाही. कशाला पैसे घालवायचे?" तिला एवढंच विचारायचं होतं, ताई, आत नेमकं काय करतात आणि बाहेर आल्यावर माणूस कसा असतो? फोनवर जमेल तेवढं सांगितलं. बाकीचं डोक्यात फिरतंय, म्हणून लिहून काढते.

श्रावण पाळता येतो म्हणजे व्यसन नाही, ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. आमचे हेही पाळायचे. गटारीला पोटभर, मग महिनाभर बंद, आणि गणपती उठले की पुन्हा सुरू. त्या महिन्यात घरात दारू नसायची, पण शांतताही नसायची. चिडचिड, रात्र रात्र जागणं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे सारखी नजर. पुढे पुढे तर श्रावणाचे पहिले दिवस जड जायला लागले. सकाळी चहाचा कप धरता यायचा नाही इतके हात थरथरायचे. सगळ्यांना वाटायचं, उपासाने अशक्तपणा आलाय.

तो अशक्तपणा नव्हता. ह्यांना पुढे ज्या व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं, तिथल्या डॉक्टरांनी फार सोपं करून सांगितलं. दारू मेंदूला ब्रेक लावते. रोज ब्रेक लागतोय म्हटल्यावर मेंदू अॅक्सिलरेटर जास्त दाबायची सवय लावून घेतो. मग एके दिवशी दारू एकदम बंद झाली, की ब्रेक गेला आणि अॅक्सिलरेटर दाबलेलाच राहिला, यवतेश्वरचा घाट उतरताना व्हावं तसं. थरथर, घाम, छातीत धडधड, मळमळ हे शेवटच्या पेगनंतर काही तासांतच सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास काहींना भास होतात, दिवस-रात्र कळत नाही, माणसं ओळखू येत नाहीत. या शेवटच्या प्रकारात उपचार मिळाले नाहीत तर जीव जाऊ शकतो.

हे लिहिताना गावाकडचे एक चुलत दीर डोळ्यांसमोर आले. त्यांनी एकादशीला माळ घातली आणि त्याच दिवशी दारू सोडली. मनापासून सोडली होती. तिसऱ्या रात्री अंगावर मुंग्या चढतायत म्हणून ओरडत उठले, कोपऱ्यात कुणी उभं आहे म्हणायला लागले. घरच्यांनी बाहेरचं काहीतरी लागलंय म्हणून देवऋषाला बोलावलं. नशिबाने जावई शहाणा निघाला, त्याने पहाटे गाडीत घालून दवाखान्यात नेलं म्हणून ते वाचले. अंधश्रद्धेविरुद्ध उभं आयुष्य दिलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर आपल्या साताऱ्याचे, आणि इथल्या परिवर्तन संस्थेच्या व्यसनमुक्तीच्या कामामागेही तेच होते. ही दोन कामं एकाच माणसाने का केली असतील, ते मला त्या पहाटे कळलं. म्हणून बहिणीला बजावून सांगितलं की रोज पिणाऱ्या माणसाची दारू घरात कोंडून बंद करायची नाही. शपथ घेऊ दे, माळ घालू दे, पण डॉक्टरला विचारून.

आत गेल्यावरचे पहिले काही दिवस म्हणूनच औषधांचे. थरथर आणि फिट रोखणाऱ्या गोळ्या सुरुवातीला जास्त देतात आणि रोज थोड्या थोड्या कमी करत बंद करतात. जीवनसत्त्व बी-१ ची इंजेक्शनं असतात. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात ते संपलेलं असतं, आणि त्याविना नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं तर मेंदूला इजा होऊ शकते. लिव्हरच्या तपासण्या होतात, रोज बीपी बघतात. या दिवसांत माणूस घरी न्या म्हणून हट्ट धरतो. आठवडाभरात भूक लागायला लागते, चेहरा उजळतो आणि तो म्हणतो, "आता मी बरा झालो, चला." बरंचसं बिघडतं ते इथे. शरीरातली दारू गेलेली असते, तलफ गेलेली नसते. पुण्यातलं मुक्तांगण १९८६ साली डॉ. अनिता अवचटांनी सुरू केलं. तिथेही मुक्काम महिन्याहून थोडा जास्तच असतो, तो याचसाठी. सकाळी योगासनं, स्वतःची कामं स्वतः करणं, समुपदेशन, गटात बसून बोलणं. ज्या माणसाने घरात कधी मनातलं काढलं नाही, तो तिथे अनोळखी लोकांसमोर रडतो. मला सुरुवातीला याचं वाईट वाटलं होतं. आता वाटतं, रडायला तीच माणसं हवीत. तिथे कुणी कुणाचा न्याय करत नाही.

बहिणीला सगळ्यात जास्त सांगायचं होतं ते घरी आल्यानंतरचं, कारण ते मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. आपण वाट बघत असतो की लग्नाच्या वेळचा माणूस परत येईल. येतो तो एक थकलेला, ओशाळलेला, चटकन दुखावला जाणारा माणूस. झोप कित्येक आठवडे, कधी महिनेसुद्धा नीट लागत नाही. कशातच रस वाटत नाही. गोड खूप खावंसं वाटतं; मोती चौकातून कंदी पेढे आणायचे नि डबा दोन दिवसांत रिकामा. काही खोड्या आपोआप जात नाहीत, त्या आधीपासूनच्या असतात आणि दारूखाली झाकलेल्या असतात. मुलं लगेच जवळ येत नाहीत. त्याला वाटतं, मी एवढं मोठं काम केलं तरी घरात विश्वास नाही. आपल्याला वाटतं, चार दिवस झाले नाहीत तर विश्वास मागतोय. दोघांचंही खरं असतं. तेव्हा कुणी तरी सांगायला हवं की हे सगळं बरं होण्यातलंच आहे.

तलफेबद्दल ह्यांनी मला समजावलं, मी त्यांना नाही. ती येते, चढते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ काढायचा. पाणी प्यायचं, काहीतरी खायचं, कुणाला तरी फोन लावायचा, चालत सुटायचं. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा, या चारांपैकी काहीतरी बहुधा मागे असतं. म्हणून आमच्याकडे संध्याकाळी साडेसहाला पोहे किंवा थालीपीठ ठरलेलं. दुपारी नीट जेवलेले असोत की नसोत, त्या वेळी पोट रिकामं ठेवायचं नाही.

गोळ्यांबद्दलही तिने विचारलं. कुणीतरी तिला सांगितलंय की भाजीत कालवून द्यायची गोळी मिळते. हे ऐकून मी घाबरलेच. ती गोळी म्हणजे बहुधा डायसल्फिराम. ती घेतलेल्या माणसाने दारू घेतली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, बीपी एकदम खाली जातं. गोळी बंद केल्यावरही दोनेक आठवडे हा धोका राहतो. ज्याला माहीतच नाही की पोटात गोळी आहे, तो पिणारच, आणि हृदय कमजोर असेल तर जीवावर बेतेल. ही गोळी माणसाच्या संमतीनेच, डॉक्टरांनी तपासून द्यायची. ती चालू असताना द्राक्षासव, अरिष्टं, काही खोकल्याची औषधंही नकोत, त्यांतही अल्कोहोल असतं. तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्झोनसारखी दुसरी औषधं असतात. कुणाला काय, ते डॉक्टर ठरवतात.

आणि पाय घसरतो. एए म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना; तिच्या मीटिंगमधली माणसं त्याला स्लिप म्हणतात. हळदीच्या रात्री, गावच्या जत्रेला, निवडणुकीच्या दिवसांत "एकच घे रे" म्हणणारे असतातच. आमच्याकडेही एकदा झालं. मला वाटलं, सगळं मातीत गेलं. पण त्याच रात्री ह्यांनी स्वतः मीटिंगमधल्या एका वडीलधाऱ्या माणसाला फोन केला, दुसऱ्या दिवशी केंद्रात फॉलोअपला गेले. शिकलेलं पुसलं गेलं नव्हतं. एए ही संघटना १९३५ साली अमेरिकेत दोन पिणाऱ्यांनी एकमेकांशी बोलून सुरू केली. एक शेअर बाजारातला, दुसरा सर्जन. आजही तिचा गाभा तेवढाच आहे, एकाने दुसऱ्याशी खरं बोलायचं आणि फक्त आजचा दिवस प्यायचं नाही.

त्या शेअर बाजारवाल्याच्या बायकोने १९५१ साली घरच्यांसाठी अल-अनॉन सुरू करायला हातभार लावला. मी तिथे बसायला लागले तेव्हा कळलं, मीही आजारी होते. रात्री गेटचा आवाज ऐकत पडणं, खिसे तपासणं, तोंडाचा वास घेणं. ह्यांची दारू मी आणली नाही, मी ती आवरू शकत नाही, मी ती बरी करू शकत नाही, हे तिथे शिकले. बहिणीने तिच्यासाठीसुद्धा माणसं शोधावीत, असं मी तिला कळवळून सांगितलं.

शेवटी तिने विचारलं, मुलांना काय सांगू? मोठा आठवीत आहे. म्हटलं, खरं सांग. बाबांना दारूचा आजार आहे, ते उपचाराला चाललेत, यात तुमची काही चूक नाही. मुंबईला कामाला गेलेत असं सांगू नकोस. त्याला सगळं माहीत आहे.

उद्या सकाळी फोन करून राहिलेलं सांगायचं: सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत न्यायच्या, पूर्वी कधी फिट आली असेल तर ती सांगायची, आणि रोज किती घेतात, शेवटची कधी घेतली, हे डॉक्टरांसमोर लाजून कमी करून सांगायचं नाही. मध्ये काही वाटलंच तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे, तोही तिला लिहून घ्यायला सांगते.