पाचपैकी एक

‘पर्यावरण शिकवून मुलं खरंच विचार करायला लागतात का हो?’ लग्नात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी मी आ वासलेला असताना विचारलं. आता तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली हा विषय सक्तीचा करायला सांगितलं. कॉलेजात तो पोचायला डझनभर वर्षं गेली आणि पोचला तोच ‘सगळ्यांना पास करायचा विषय’ म्हणून. सव्वाशे मुलं, दुपारचा तास. माझ्याकडून आणखी काय अपेक्षा आहे?

असो. मुलं विचार करत नाहीत त्याचं खरं कारण वेगळंच आहे.

काही वर्षांपूर्वी पेपरात मी प्रश्न घातला होता: ‘पुण्याच्या कचरा समस्येवर उपाय सुचवा. गुण ५.’ उत्तर ठरलेलं: ओला-सुका वेगळा, गांडूळखत, कापडी पिशवी. पुण्याजवळच्या फुरसुंगीच्या एका मुलानं लिहिलं, ‘आधी कचरा कोथरूडला टाकायचे. तिथल्या लोकांनी ओरड केली, म्हणून डेपो आमच्याकडे आला. कोथरूडच्या त्या जागेवर आता मेट्रोचा डेपो आहे. आमच्या विहिरीचं पाणी गुरंसुद्धा पीत नाहीत. उपाय: ज्याचा कचरा त्याच्या पेठेत.’

मी पाचपैकी एक दिला. शेजारी लाल शाईत लिहिलं, ‘विषयाला धरून लिहा.’

तो स्टाफरूममध्ये आला. वाटलं, गुण वाढवून मागणार. त्यानं पेपर टेबलावर ठेवला आणि अगदी सरळ विचारलं, ‘मॅडम, विषय कुठला होता?’

मी कोथरूडची. लहानपणी वारा फिरला की आई खिडक्या लावून घ्यायची. डेपो हटवा म्हणून घरोघर फिरलेल्या अर्जावर बाबांची सही होती. यातलं मी त्याला काहीच सांगितलं नाही. ‘नमुना उत्तराप्रमाणे तपासावं लागतं,’ म्हणाले. ते खोटं नव्हतं. पण नमुना उत्तर मीच लिहिलेलं होतं!

गुण बदलले नाहीत. बदलायला हवे होते? तेव्हाची मी म्हणते, एकाचे बदलले की सव्वाशे जण रांग लावतील. तिचंही अगदीच चूक नाही.

यंदा प्रश्नच बदलला: ‘कोथरूडचा डेपो हलवणं हा उपाय होता का?’ बहुतेकांनी ओला-सुकाच लिहिलं. तिघांनी मला काय वाचायला आवडेल ते बरोबर हेरलं, त्यांना पाचपैकी पाच देऊन बसले. आणि एका मुलीनं एवढंच लिहिलंय, ‘हो, होता. आम्ही कोथरूडला राहतो.’

तिचा पेपर अजून तपासायचा राहिलाय.