तडा म्हणजे 'हस्तकलेतील नैसर्गिक फरक' नव्हे

"ही हस्तनिर्मित वस्तू आहे. पृष्ठभागावरील रेषा हा हस्तकलेतील नैसर्गिक फरक समजावा." हे वाक्य मला एका ऑनलाइन दुकानाकडून इतक्या वेळा आले की तोंडपाठ झाले आहे. माझ्या फुलदाणीला तळापासून मानेपर्यंत तडा होता. पाणी झिरपून खालचे लाकूड ओले होत होते. पैसे शेवटी परत मिळाले, पण राग अजून गेलेला नाही. दुसऱ्या कुणाला हेच वाक्य आले तर काय करायचे, ते सांगावे म्हणून लिहिते आहे.

घराचे रंगकाम झाल्यावर हॉलमध्ये शोभेचे चार वाडगे आणि एक उंच फुलदाणी घ्यायचे ठरले. वाडग्यांचे काम सहज झाले. सासूबाईंचे पितळी घंगाळ माळ्यावर होते, ते चिंचेने घासून दारापाशी ठेवले. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीतून तांब्याचा एक पसरट वाडगा घेतला. हातोडीने ठोकून जे खळगे उमटवतात, त्याला तिथे मठारकाम म्हणतात. त्याने रूप तर येतेच, शिवाय ठोकल्याने पत्रा कणखर होतो. तिथे वस्तू हातात घेता येते, वजन कळते, काठ नीट वळवलाय का हे बोट फिरवून बघता येते. उरलेले दोन वाडगे भीमथडी जत्रेत मिळाले. इथपर्यंत कुठेच अडले नाही.

फुलदाणीचे मात्र माप ठरलेले होते. मला निशिगंधाच्या लांब काड्या ठेवायच्या होत्या. काड्यांची उंची फुलदाणीच्या साधारण दीडपट असली की डोळ्यांना बरी दिसते आणि फुलदाणी कलंडतही नाही. म्हणून १४ इंच उंची, तोंड तीन इंचांच्या आत आणि तळ जड असे हवे होते. तोंड फार रुंद असले की मूठभर फुले चहूकडे लवंडतात आणि दर वेळी दुप्पट फुले आणावी लागतात. दुकानांत हे माप मिळेना. जयपूरची निळी पॉटरी फार आवडली होती. पण ती कुंभाराच्या नेहमीच्या मातीची नसते. गारगोटीची पूड, काचेची पूड, मुलतानी माती आणि डिंक यांची ती बनते आणि कमी आचेवर भाजतात, त्यामुळे नाजूक असते. पाणी घालायचेच असेल तर आत काचेची बाटली ठेवावी. मला ते नको होते. शेवटी खुर्जाची, गडद हिरव्या ग्लेझची (म्हणजे वरच्या काचेसारख्या चकचकीत थराची) स्टोनवेअर, म्हणजे जास्त आचेवर भाजलेल्या घट्ट मातीची फुलदाणी ऑनलाइन मागवली. उत्तर प्रदेशातले खुर्जा चिनीमातीच्या भांड्यांसाठी जुने प्रसिद्ध गाव. पानावर स्वच्छ लिहिले होते: 'ताज्या फुलांसाठी योग्य'. हे तीन शब्द लक्षात ठेवा, पुढे तेच कामी आले.

खोके आले तेव्हाच एक कोपरा आत दबलेला होता. मुलीने मोबाइलवर खोके सर्व बाजूंनी, पत्त्याच्या चिठ्ठीसकट टिपले आणि मग न थांबवता उघडतानाचे सगळे चित्रीकरण केले. फुलदाणी दिसायला ठीक होती. टिचकी मारली तर आवाज बद्द आला. चांगली भाजलेली, अखंड फुलदाणी टणकन वाजते. नीट पाहिले तेव्हा ती रेघ दिसली.

त्याच दिवशी तक्रार केली. फोटो दिले, व्हिडिओ दिला. उत्तर आले ते वर लिहिले आहेच, आणि खाली 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे'. कुणी सोडवली, कशी सोडवली? पुन्हा लिहिले. पुन्हा तेच वाक्य, वेगळ्या नावाच्या माणसाकडून. फोन लावला तर बोलणारी मुलगी नम्र होती, पण तिच्यासमोर जे लिहिलेले होते त्यापलीकडे तिला काही बोलता येत नव्हते. "मॅम, क्रेझिंग असते हो हँडमेडमध्ये." मी म्हटले, "अहो, क्रेझिंग आणि तडा यांतला फरक तुमच्या माणसाने कधी पाहिलाय का?" त्यावर "मी नोट टाकते." ती नोट कुठे गेली कुणास ठाऊक.

हा फरक मी इथे सविस्तर सांगते, कारण सगळा वाद त्यावरच अडला होता. क्रेझिंग म्हणजे ग्लेझच्या थरात पडलेले बारीक रेषांचे जाळे. भट्टीतून निघाल्यावर गार होताना ग्लेझ आतल्या अंगापेक्षा जास्त आकसते, म्हणून ते पडते. त्या रेषा सगळीकडे पसरलेल्या असतात, एकमेकींना छेदतात आणि फक्त वरच्या थरात असतात. नखाला सहसा लागत नाहीत. तडा एकच असतो, दिशा धरून जातो, नखाला अडतो आणि बाहेर जिथे असतो तिथेच आतल्या बाजूलाही सापडतो. स्टोनवेअर साधारण १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा वर भाजतात. त्याचे अंग घट्ट होते, पाणी जवळजवळ शोषत नाही. त्यातून पाणी बाहेर येत असेल तर वाट तड्याचीच.

मग मी पुरावा उभा केला. कोरा चहा कडक उकळून पूर्ण गार केला (गरम ओतला असता तर तडा मी पाडला म्हणाले असते), फुलदाणीत भरला आणि ती पांढऱ्या टिश्यू पेपरवर ठेवली. शेजारी त्या दिवसाचा पेपर, तारीख दिसेल असा. सकाळी बाहेरच्या बाजूला रेघेवर तपकिरी थेंब आणि खाली कागदावर डाग. त्याचे फोटो पाठवले.

आता परतावा मंजूर झाला. सुटलो असे वाटले, पण खरा छळ इथून पुढे. वस्तू न्यायला मुलगा आला, त्याने फुलदाणी पाहिली आणि म्हणाला, "काकू, फुटका माल नाही घेत आम्ही. सिस्टीममध्ये तसा ऑप्शनच नाही." मी मंजुरीचा मेसेज दाखवला. त्याचा काही दोष नव्हता. त्याच्या यंत्रावर 'वस्तू चांगल्या स्थितीत आहे' ही एकच खूण करायची सोय होती. तो गेला आणि संध्याकाळी मेसेज: 'ग्राहकाने पार्सल सुपूर्द न केल्याने परतावा रद्द.' दारात फुलदाणी खोक्यात भरून, टेप मारून मी उभी असताना! पुन्हा तक्रार, पुन्हा मंजुरी, पुन्हा वेगळा मुलगा, पुन्हा तेच. वस्तू तुटकी आहे म्हणून परत करायची आणि तुटकी आहे म्हणून ते नेणार नाहीत. हा फेरा त्यांच्या बाजूने कुणालाच थांबवावासा वाटत नव्हता.

इथे मी चॅट आणि फोन बंद केले, आणि तेच करा असे मी ठामपणे सांगते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे अशा प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचे नाव व संपर्क आपल्या संकेतस्थळावर द्यावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची आणि महिन्याभरात तिचे निवारण करायचे असते. पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत तो ईमेल सापडला. त्याच नियमांत असेही आहे की वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल तर विक्रेता ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देऊ शकत नाही. मी मोजकेच लिहिले. रागाचा एक शब्द नाही. 'ताज्या फुलांसाठी योग्य' असा पानाचा फोटो, चहाच्या डागाचा फोटो, खोके उघडतानाचा व्हिडिओ, रद्द झालेल्या परताव्यांचे मेसेज, नियमाचे नाव आणि वर्ष. शेवटी एवढेच की ठरल्या मुदतीत निवारण झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, तेही लिहिले. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली. तिथे मराठीत बोलता येते. ती हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नव्हे, ती तुमची तक्रार कंपनीकडे पाठवते. पण तिचा क्रमांक ईमेलमध्ये टाकल्यावर उत्तराचा सूर बदलला. वाक्य पहिल्यांदाच माणसाने लिहिलेले आले. 'वस्तू परत देण्याची आवश्यकता नाही, रक्कम जमा करत आहोत.' आणि झाली. तो मेसेज वाचून मला जो आनंद झाला तो पैशांचा नव्हता. माझे म्हणणे खरे होते आणि ते त्यांना लेखी मान्य करावे लागले, त्याचा होता.

मधेच राहिलेल्या काही गोष्टी. घंगाळात किंवा उरलीत (पसरट धातूच्या भांड्यात) पाणी घालून फुले तरंगवत असाल तर आठवड्यातून एकदा पाणी ओतून आतली बाजू घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात, नुसते पाणी बदलून जात नाहीत. शोभेच्या ग्लेझ केलेल्या वाडग्यात लिंबू, लोणचे, फळांच्या फोडी ठेवू नका, अशा ग्लेझमध्ये शिसे असू शकते. तांब्यापितळेच्या भांड्याला कल्हई नसेल तर आंबट कळकतेच. बाजारातल्या काही नव्या पितळी वस्तूंवर लॅकरचा, म्हणजे पारदर्शक वॉर्निशसारखा थर असतो. त्या चिंचेने घासल्या तर थर जागोजागी निघतो आणि डाग पडतात, म्हणून घेतानाच विचारून घ्या. जुने पितळ घेताना भाव किलोवर ठरवा.

आता नवी फुलदाणी घेतली आहे ती दुकानातूनच. तीही स्टोनवेअरची, उंची १३ इंच. दुकानदाराला पाणी मागितले, त्याच्यासमोर काठोकाठ भरली, टिचकी मारून पाहिली, बिलावर 'गळती नाही' असे लिहून घेतले. त्याने कुरकुर न करता लिहून दिले.