दुसऱ्याच्या ढिगातलं सोनं

रविवार, रात्री उशिरा

कुपीत अडीच गुंजा सोनं आहे. काट्यावर ०.३ ग्रॅम भरलं. अ‍ॅरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटहून परत आल्यापासून आनंद व्हायच्या ऐवजी एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. हे सोनं आमच्या आधी एका माणसाच्या भात्यावरून, म्हणजे हवेनं माती पाखडणाऱ्या यंत्रावरून, गेलं होतं. त्यानं ती माती खणली, वाहून आणली, चाळली, आणि सोनं त्याच्याच ढिगात राहून गेलं. त्याला त्याची गरज होती, मला नाही.

मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, जुने ढीग पुन्हा चालवायची रीतच आहे. रीत आहे हे मलाही ठाऊक आहे. ओळखीचे सगळे तेच करतात आणि त्याला कारणही आहे. कोरड्या धुलाईच्या, म्हणजे पाण्याशिवाय सोनं वेगळं केलेल्या, जागी नेहमी दोन ढीग सापडतात. एक जाड खड्यांचा, जो वरच्या जाळीवरून घरंगळून बाजूला पडतो. जाळी साधारण अर्ध्या इंचाची असते, म्हणून त्याहून मोठा सोन्याचा खडा असला तर तो दगडांबरोबर याच ढिगात जातो. तिथे मेटल डिटेक्टर फिरवायचा. दुसरा ढीग बारीक मातीचा, भात्यावरून उतरलेला. त्यात राहिलेलं सोनं धुळीसारखं बारीक असतं आणि ते पुन्हा यंत्रातूनच काढावं लागतं. आमची कुपी या दुसऱ्या ढिगातून आली.

क्वार्ट्झसाइटच्या पश्चिमेला डोम रॉकच्या डोंगररांगेत असे ढीग बरेच आहेत. १८६२ मध्ये ला पाझचं सोनं सापडलं ते याच डोंगरांच्या पश्चिम पायथ्याशी, आणि त्या पट्ट्याचा मोठा भाग आज कोलोरॅडो नदीकाठच्या आदिवासी राखीव क्षेत्रात येतो. तिथे पाऊल टाकायचं नाही. त्याच्या अलीकडे सरकारी जमिनीवर बीएलएमचा, म्हणजे ती जमीन सांभाळणाऱ्या केंद्रीय खात्याचा, नकाशा पाहून, तिथे सोनं काढण्याचा कुणाचा चालू दावा नाही ना याची खात्री करून, हातानं चालणारी साधनं घेऊन काम करता येतं. नकाशावर दावा दिसला नाही तरी प्रत्यक्ष जागेवर खांब आणि दगडांचे मनोरे बघत फिरायचं, कारण नवा दावा नोंदवायला ९० दिवसांची मुदत असते आणि तोवर तो नकाशावर येतोच असं नाही.

मनोरे बघतानाच त्या ढिगाजवळ तो डबा दिसला. दगडांच्या रचलेल्या मनोऱ्यात तंबाखूचा चपटा पत्र्याचा डबा, आत घडी घातलेला कागद. दाव्याची नोटीस ठेवायची ही जुनी पद्धत. शाईचं काही उरलेलं नाही. शिसपेन्सिलीनं लिहिलेलं साल तेवढं वाचता येतं, १९३४. कागद होता तसा डब्यात आणि डबा होता तसा मनोऱ्यात ठेवला. असलं काही आम्ही उचलत नाही. नाव वाचता आलं असतं तर बरं झालं असतं की अधिकच त्रास झाला असता, ते ठरवता येत नाहीये.

१९३४ म्हणजे ऐन मंदी. त्याच जानेवारीत सरकारनं सोन्याचा भाव औंसाला २०.६७ डॉलरवरून ३५ वर नेला आणि काम गेलेली माणसं भाते आणि फावडी घेऊन या ओढ्यांमध्ये उतरली. बहुतेकांना दिवसाकाठी डॉलरही सुटत नसे. औंस ३१.१ ग्रॅमचा. म्हणजे माझी कुपी त्याच्या हिशेबात ३४ सेंटांची, आणि त्याच्या एका दिवसाच्या कमाईचा तिसरा हिस्सा. हा हिशेब मी जेवताना केला आणि मग जेवण गेलं नाही.

त्याच्या हातून ते का निसटलं, हे कळल्यामुळे जास्त लागलं.

ड्रायवॉशर म्हणजे मुळात हवेवर पाखडणं. वरच्या जाळीतून माती उतरत्या पाटीवर येते. पाटीचा तळ कापडाचा, त्यावर आडव्या पट्ट्या. खालून भाता हवेचे ठोके देतो. प्रत्येक ठोक्यासरशी माती उचलली जाते आणि पुढे सरकते, जड कण पट्ट्यांमागे बसतात. गारेची घनता २.६५, काळ्या लोहवाळूची ५ च्या थोडी वर, शुद्ध सोन्याची १९.३. एवढा फरक असला तर हवा पुरेशी आहे, पण एका अटीवर. माती हाडासारखी कोरडी हवी. ओल असली की चिकणमाती सोन्याच्या कणाला धरून बसते, तिच्या वाटाण्याएवढ्या गोळ्या होतात, आणि अशी गोळी सोन्यासकट साध्या खड्याइतकीच हलकी ठरते. ती पट्ट्यांवरून टुणकन उडून ढिगात जाते. शिवाय ओली धूळ कापडाची छिद्रं बुजवते, हवा एका बाजूनेच येते आणि उरलेली पाटी नुसती घसरगुंडी होते.

तपासायला सोपं आहे. मूठभर माती दाबायची. मूठ उघडल्यावर गोळा टिकला तर ती ओली, मग वर कितीही धुरळा उडत असो. हिवाळी पावसानंतर इथे वरचा थर दोन दिवसांत वाळतो आणि वीतभर खाली ओल कितीतरी दिवस राहते. उपाय एकच, टार्पवर बोटभर जाडीनं पसरायची, उन्हात तीन-चार तास ठेवायची, दर तासाला फावड्यानं उलटायची. मग यंत्र लावायचं. पाटीचा उतार आधी शिशानं पारखायचा : दहा छर्रे हातोडीनं चपटे करून लाल रंगवायचे, पहिल्या बादलीत टाकायचे. दहाही वरच्या दोन पट्ट्यांमागे सापडले तर उतार बरोबर. खालच्या पट्टीपर्यंत पोचले तर उतार जास्त आहे किंवा माती भराभर ओतली जातेय.

आम्ही त्याचा बारीक ढीग एका बाजूनं उभा कापला आणि वर, मध्ये, तळाशी अशी तीन ठिकाणची माती वेगवेगळी धुवून पाहिली. वरच्या मातीत काही नाही, मधल्या मातीतही नाही. तळाच्या मातीत त्या गोळ्या होत्या, सुकून दगड झालेल्या. फोडल्यावर त्यात सोनं.

ढिगाचा तळ म्हणजे त्याचे इथले पहिले दिवस. पावसानंतर लगेच आला असणार. माती वाळेपर्यंत थांबणं त्याला परवडलं नसेल, कारण संध्याकाळच्या पिठाचे पैसे त्या दिवशीच्या सोन्यातून यायचे होते. मी टार्पवर माती पसरून दुपारभर गाडीच्या सावलीत बसू शकते. त्याला ती दुपार कुठून मिळणार? सगळं तिथेच येऊन थांबतं. यंत्र तेच, ओढा तोच, माझ्यापाशी फक्त थांबायची सोय आहे.

सराफकट्ट्यावरचा झारेकरी सोनाराला पैसे मोजून त्याच्या दुकानचा केर नेतो. विचारतो, ठरवतो, मग धुतो. मी कुणाला विचारणार होते? कायद्यानं विचारायची गरज नाही, हे उत्तर पुरत नाही.

आणि धूळ. आम्ही एन-९५ लावून काम करतो, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहतो. या मातीत व्हॅली फीव्हरची बुरशी असू शकते, ती फुप्फुसात जाते, आणि गारेची बारीक पूड तर जन्मभर आतच राहते. त्याच्या नाकातोंडावर फार तर रुमाल असेल. मास्क काढल्यावर पट्ट्याखालचा वळ दुखतो म्हणून मी कुरकुरत होते. कंबर धरली आहे, मनगट सुजलंय, घरी कुपी कुणी हातातसुद्धा घेतली नाही. लिहिताना सुद्धा हे सगळं मोठं वाटतंय. असो.

दगडांचं थोडक्यात. कॅल्सेडनीची, म्हणजे गारेच्याच एका जातीच्या दगडाची, फुलं बरीच मिळाली, राखाडी, काही गुलाबीकडे झुकणारी. रात्री छोट्या लहरींच्या अतिनील दिव्याखाली त्यातली काही हिरवी चमकली, युरेनियमच्या अंशामुळे. अतिनील उजेडात विंचूही चमकतात, म्हणून हात घालण्याआधी दिवा. दक्षिणेला कोफा अभयारण्यातल्या क्रिस्टल हिलवर स्फटिक वेचता येतात, पण फक्त पृष्ठभागावरचे, खणायचं नाही, डिटेक्टर न्यायचा नाही, आणि बारा महिन्यांत १० नग किंवा १० पौंड, जे आधी भरेल ते. धाकटीला एक टोकदार स्फटिक आणला. नाशिकला अण्णांना कॅल्सेडनीचा फोटो पाठवला, आपल्याकडच्या काळ्या पाषाणातल्या गारगोट्यांशेजारी ठेवला तर ओळखू येणार नाही असा. अजून त्यांनी उघडलेला नाही.

परत ढिगाकडे. झोप येत नाही म्हणून फोनमधले त्याच्या खणलेल्या जागेचे फोटो मोठे करून पाहत बसले, आणि आता थोडं वेगळं दिसतंय.

तो ओढ्याच्या आजच्या पात्रात खणत नव्हता. आतल्या वळणावर, पुरुषभर उंचीवर जुन्या पात्राचा थर उरला आहे, तिथे गेला होता. वरची दोन हात निरुपयोगी माती त्यानं वेगळी काढून बाजूला लावली, यंत्रात घातली नाही. खाली चुन्यानं घट्ट झालेला पांढरा कलीचीचा थर लागतो. सोनं खाली उतरत जातं आणि त्यावर अडतं. त्यानं फक्त त्या थरावरची वीतभर माती घेतली, आणि थर जसा खाली गेला तसा तोही खाली गेला. एका मोठ्या धोंड्याच्या मागे तो आडवा आत शिरलाय, अगदी बरोबर बाजूनं, जिथे पुराचं पाणी मंद झालं असेल. आणि मग एका ठिकाणी खणणं थांबवलंय. त्याच्या पुढची माती आम्ही शनिवारी तपासली होती, बादलीमागून बादली. कण नाही. सोन्याची रेघ जिथे संपली तिथेच तो थांबला होता, आणि त्याच्याकडे डिटेक्टर नव्हता, नकाशा नव्हता.

ढिगाचा वरचा आणि मधला भाग रिकामा निघाला म्हणजे माती वाळल्यावर त्यानं जवळजवळ काही सोडलं नाही. असं काम मला जमत नाही, मामांनाही नाही. संध्याकाळपासून मी ज्याची कीव करतेय तो माणूस या ओढ्यात माझ्यापेक्षा फार जाणता होता. त्याच्या ढिगाच्या मधल्या भागातली माती मी पुन्हा हातात घेतली असती तर त्याच्याकडून शिकले असते. ओलीनं त्याचं थोडं नेलं, ते आमच्या हाती आलं. आता छातीत मघासारखं दाटत नाही. बरं वाटतंय असंही नाही, पण झोप येईल.

पट्ट्यांमागे उरलेला गाळ उद्या. आधी तो ५० नंबरच्या जाळीतून काढायचा, म्हणजे जाड-बारीक वेगळं होईल आणि परातीत पाण्यानं धुताना बारीक सोनं जाड वाळूबरोबर वाहून जाणार नाही. कोरडा असतानाच लोहवाळू चुंबकानं काढायची, चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत, आणि उचललेली वाळू दोन-तीनदा पुन्हा पसरून, कारण तिच्या गुंत्यात सोनं अडकून येतं. पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब, नाहीतर पिठासारखं सोनं पृष्ठभागावर तरंगत निघून जातं.

ढिगाच्या तळाचा निम्मा भाग शिल्लक आहे. पाऊस झाल्यावर लगेच जायचं नाही. टार्प एक पुरला नाही, दोन न्यायचे. गोळ्या फोडायला लाकडी मोगरी, लोखंडी हातोडीनं सोनं दगडात चेपलं जातं. पाणी माणशी रोजचं चार लिटर, शिवाय गाडीत वेगळं. कापलेली बाजू फावड्यानं सारखी करून यायची, आणि त्याचा जाड खड्यांचा ढीग डिटेक्टरनं पाहायचा राहिलाय, तो मामांना द्यायचा.